टूसॉनच्या ग्रंथालयातलं बियाणं : फेब्रुवारी ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

ॲरिझोनात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : भेंडी, वाल, मेथीचं बी येताना भारतातून आणावं का? सामानात टाकून मुळीच आणू नका. पेरणीच्या बियाण्याला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. तो नसेल तर बी विमानतळावरच काढून घेतात आणि सामानात बी आहे हे कस्टम्सला सांगितलं नसेल तर दंडही बसू शकतो. टूसॉनमध्ये असाल तर पिमा काउंटी पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढा. तिथे २०१२ पासून पुस्तकांसारखं बियाणंही मिळतं, तेही फुकट.

पद्धत सोपी आहे. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये पिकाचं इंग्रजी नाव शोधायचं, होल्ड लावायचा, म्हणजे पाकीट आपल्या नावाने राखून ठेवायला सांगायचं, आणि आपल्या शाखेत पाकीट आलं की जाऊन उचलायचं. परतीची तारीख नाही, उशिराचा दंड नाही. पीक आल्यावर थोडं बी राखून परत द्यावं एवढी अपेक्षा असते, सक्ती नसते. होल्ड मात्र पेरणीच्या तीनेक आठवडे आधी लावा. आयत्या वेळी गेलात तर हंगामाचं बी इतरांनी आधीच नेलेलं असतं.

पाकिटात बी मोजकंच असतं. भेंडीची आठ-दहा झाडं किंवा टोमॅटोची चार रोपं करायला ते पुरतं, पालेभाजीचा वाफा भरायला पुरत नाही. म्हणून मेथी आणि कोथिंबिरीसाठी ग्रंथालयाच्या वाटेला जाऊ नका. इंडियन ग्रोसरीतले मेथीदाणे आणि अख्खे धणे पेरा. आधी दहा दाणे ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपलॉकमध्ये ठेवा. सात-आठ उगवले तर पेरा, चारच उगवले तर दुप्पट पेरा, एकही उगवला नाही तर फोडणीला वापरा. धणे तळहाताने हलके रगडून दोन फाकी करूनच टाकायचे. ग्रंथालयाच्या पाकिटांचीही हीच परीक्षा घ्यावी, विशेषतः पाकिटावरचं वर्ष जुनं असेल तर. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर चार वर्षं सहज टिकतं. कांद्याचं मात्र वर्षभरातच विश्वासाला उतरत नाही.

पहिल्या वर्षी बहुतेकांचं नुकसान होतं ते पाकिटामागच्या सूचनांमुळे. ‘थंडी सरल्यावर पेरा’ हा सल्ला उत्तरेकडच्या राज्यांसाठी लिहिलेला असतो. इथे मार्चच्या मध्यानंतर सहसा पिकं गोठवणारं दहिवर पडत नाही आणि मे-जूनमध्ये पारा सर्रास ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो. त्या उन्हात टोमॅटोला फुलं येतात पण गळून पडतात, फळ धरत नाही. म्हणून टोमॅटोचं बी जानेवारी-फेब्रुवारीत घरात कुंडीत लावायचं आणि रोपं मार्चअखेर बाहेर काढायची. लेट्यूस, पालक, कोथिंबीर ही इथली हिवाळी पिकं. ती ऑक्टोबरपासून घ्यावीत. भेंडीला ऊन मानवतं, एप्रिल ते जुलै कधीही पेरा.

आणि मग जुलै. इथेही मॉन्सून येतो, आणि या ग्रंथालयातलं आमच्या मते सगळ्यात मोलाचं पाकीट त्याच दिवसांचं आहे : टेपरी बीन. सोनोरन वाळवंटात तोहोनो ओओधाम लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेलं हे कडधान्य. आपल्या मटकीसारखंच, कमी पाण्यावर येणारं.

पहिला दमदार पाऊस जमिनीत मुरला की इंचभर खोल, वीतभर अंतरावर दाणे टोकायचे. वाफ्याखाली कॅलिचे, म्हणजे चुनखडीचा दगडासारखा थर असेल तर तो आधी पहारीने फोडा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. उगवण झाल्यावर हात आखडता घ्या. रोज पाणी दिलं तर वेल हिरवेगार माजतात आणि शेंगा धरत नाहीत. पाऊस असेल तर पाणी देऊच नका, पानं दुपारनंतरही मलूल राहिली तरच द्या. शेंगा सप्टेंबरपासून वाळायला लागतात. दुपारच्या उन्हात वाळकी शेंग तडकन फुटते, तिच्या दोन्ही फाकी पीळ घेतात आणि दाणे हातभर लांब उडतात. म्हणून तोडणी सकाळी लवकर, हवेत गारवा असताना.

उसळ उत्तम होते, पण मटकीसारखे मोड आणून कच्चे खाऊ नका. टेपरी राजम्याच्या कुळातली आहे आणि तिच्यातलं लेक्टिन हे पोटाला बाधणारं प्रथिन नीट उकळल्याशिवाय जात नाही. बारा तास भिजवा, ते पाणी फेका, कुकरमध्ये पूर्ण शिजवा. स्लो कुकरचं तापमान त्यासाठी पुरत नाही.

बी परत देताना खरी जबाबदारी सुरू होते. टेपरी, वाटाणा, लेट्यूस, टोमॅटो यांचं परागीभवन बहुतांशी आपल्याच फुलात होतं. वाण शुद्ध राहतं, नवख्याने यांचंच बी राखावं. भेंडीवर मधमाश्या येतात. शेजारी दुसरं वाण असेल तर उद्या उमलेल अशा कळीला आज संध्याकाळी मलमलची पिशवी बांधा. भोपळावर्गाचं बी हाताने परागीभवन केल्याशिवाय परत देऊच नका. झुकिनी आणि एकॉर्न स्क्वॉश वेगळे दिसत असले तरी एकाच जातीचे, त्यांचा संकर सहज होतो. शोभेच्या कडू भोपळ्याशी संकर झाला तर पुढच्या पिढीत कडू आणि विषारी फळ येऊ शकतं. कडू दुधी का फेकायचा हे ज्या घरात माहीत आहे, त्यांना अधिक सांगायला नको. एफ-वन, म्हणजे दोन वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीचं बीसुद्धा परत देण्याजोगं नाही.

टोमॅटोचा गर बियांसकट पेल्यात दोन दिवस आंबवा. उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो, जास्त ठेवलं तर बी पेल्यातच उगवतं. टेपरीचा दाणा नखाने दबला तर ओला आहे, हातोडीने फुटला तर वाळला. पूर्ण वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, भुंगा मरतो. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि बुरशी येते. पाकिटावर पीक, वाण, महिना-वर्ष, गाव आणि जवळपास दुसरं कोणतं वाण होतं हे लिहा. नाव नसलेलं बी कोणाच्याच उपयोगाचं नसतं.

दुसऱ्या राज्यात असाल तर ग्रंथालय घरचं बी परत घेतं का, ते आधी विचारा. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गच्या ग्रंथालयाला राज्याच्या कृषी खात्याने बियाणे कायद्यावर बोट ठेवून घरचं बी वाटण्यापासून थांबवलं होतं. पुढे ती अट सैल झाली, तरी काही ग्रंथालयं आजही फक्त कंपन्यांची पाकिटं देतात. त्या पाकिटांतली वाणं आपल्या हवेला जुळत नाहीत, ही आमची खरी तक्रार. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेत नेलं त्याच्या दुप्पट परत देण्याची पद्धत आहे. तिथलं वाण त्याच मातीत पुन्हा पुन्हा निवडलं जातं, आणि टेपरीच्या पाकिटाचं मोलही त्यातच आहे.

टेपरीचे वेल ऑक्टोबरमध्ये निघाले की मुळं जमिनीतच राहू द्या आणि त्याच वाफ्यात लेट्यूस पेरा. त्याचा होल्ड सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लावायचा असतो.