कलप लावावा की मेंदी-इंडिगो?

सोयीच्या बाबतीत कलप पुढे आहे, यात वाद नाही. अर्ध्या तासात काम उरकतं, पांढरे केस पूर्ण झाकले जातात आणि धुतल्यावर दिसतो तोच रंग टिकतो. मेंदी आणि वर इंडिगो (निळीच्या झाडाच्या पानांची पुडी) म्हणजे अर्धा रविवार, शिवाय न्हाणीघराच्या फरशीवर डाग.

कलपात अडचण आहे ती पीपीडीची, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिनची. पेरॉक्साइडशी गाठ पडली की त्यापासून केसाच्या आत काळा रंग तयार होतो, पण त्या प्रक्रियेत मधल्या टप्प्यावर बनणारे पदार्थ त्वचेला बिथरवतात. दहा वर्षं निर्धास्त लावलेला कलप अकराव्या वर्षी कपाळ, कान आणि पापण्या सुजवू शकतो. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. काहींना मग बेंझोकेन (जागा बधिर करणारं औषध) असलेली मलमं किंवा गडद कापडांतले काही रंगही सोसत नाहीत.

खोक्यावरच्या ‘अमोनिया नाही’ला भुलू नये. अमोनियाने वास येतो, डोळे चुरचुरतात. पीपीडीच्या ॲलर्जीशी त्याचा संबंध नाही. ‘पीपीडी नाही’ असं लिहिलेल्या खोक्यात अनेकदा टोल्युइन-2,5-डायअमिन असतं, आणि पीपीडी न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. युरोपात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडीला 2 टक्क्यांची मर्यादा आहे. ॲलर्जी असलेल्याला त्याहून कितीतरी कमीही पुरतं.

माझं पारडं मेंदी-इंडिगोकडे झुकतं ते मात्र चाचणीपाशी. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे कलपाच्या खोक्यावर आधी चाचणी करण्याचा आणि भुवया-पापण्यांना न लावण्याचा इशारा छापावाच लागतो. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला साबणाने धुऊन थोडा कलप लावायचा, वाळू द्यायचा, 24 तासांनी धुऊन पाहायचं. पण पीपीडीची प्रतिक्रिया कित्येकदा दोन-तीन दिवसांनी उमटते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट 48 आणि 96 तासांनी वाचतात ते उगीच नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी कलप आला, आणि दर खेपेला ही चाचणी. रविवारी रंगवायचं तर बुधवारीच कानामागे ठिपका हवा. खरं सांगा, कोण करतं?

मेंदी-इंडिगोलाही नव्या पाकिटागणिक चाचणी करावीच, पण धोका बराच कमी. खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम मेंदी लिंबाच्या रसात दाटसर कालवून रात्रभर झाकून ठेवावी. तेल नसलेल्या केसांवर तीन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवावी. मग तेवढाच इंडिगो कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून भिजवावा, 10-15 मिनिटांनी लगेच लावावा आणि तास-दीड तास ठेवावा. इंडिगोत लिंबू घालू नये, कालवून तासन्‌तास ठेवूही नये, रंग मरतो. मेंदीचा थर न देता थेट पांढऱ्या केसांवर लावला तर हिरवट-निळी झाक येते. धुतल्यावर केस आधी हिरवट दिसले तरी घाबरू नये, रंग दोन दिवसांत गडद होतो; तोवर शाम्पू टाळावा. कानशिलांजवळ इंडिगो आधी उतरतो आणि खालची लाली दिसू लागते, हा दोष मान्य. पुढे केस ब्लीच करायचा विचार असेल तर इंडिगो नकोच, कारण त्यावर हिरवा रंग उमटतो.

सगळ्यात घातक पर्याय मात्र या दोन्हींच्या मधला आहे. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात पुष्कळदा मेंदीच्या पुडीत पीपीडी आणि पेरॉक्साइड मिसळलेलं असतं. खरी मेंदी शेवाळी हिरवी असते आणि एकटी केस काळे करूच शकत नाही. इंडिगोची पुडीही हिरवीच. पुडी काळी-करडी असेल किंवा अर्ध्या तासात काळ्या रंगाची हमी असेल, तर नाव काहीही असो, तो कलपच आहे. जी6पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्यांनी आणि लहान मुलांच्या बाबतीत मेंदीही टाळावी.

परवा लग्न आहे, चाचणी झालेली आहे, आजवर त्रास नाही, तर कलप लावायला हरकत नसावी. मात्र पूर्वी काळ्या मेंदीने हातावर फोड आले असतील, तर कलपाचं खोकं उघडूच नये.