कोविडचे मृत्यू: सरकारी आकडा की डब्ल्यूएचओचा?
२०२० आणि २०२१ मिळून भारतात कोविडने किती गेले, तर सरकार म्हणतं ४.८१ लाख आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणतं ४७ लाख, जवळपास दहापट! मे २०२२ मध्ये राहुल गांधींनी ४७ लाख उचलून धरले, सरकार म्हणालं डब्ल्यूएचओचं मॉडेलच, म्हणजे अंदाज काढायची गणिती पद्धतच, चुकीची. आता सरकारी आकड्यात यायला सहसा टेस्ट पॉझिटिव्ह लागायची, आमच्या शेजारच्या काकांची टेस्टच झाली नाही, दाखल्यावर नुसतं 'हार्ट अटॅक', संपलं. डब्ल्यूएचओचं उलटं, एरवीपेक्षा किती जास्त गेले त्याचा अंदाज, त्यात बेड न मिळालेले हार्ट पेशंटपण आले. ४७ लाख मलाही जरा जास्त वाटतात, पण ४.८१ तर अजिबातच पटत नाही, कारण सरकारच्याच मृत्यू नोंदणीत सगळ्या कारणांचे मिळून २०२० ला ८१ लाख मृत्यू आणि २०२१ ला १.०२ कोटी. नोंदणी सुधारली म्हणे, पण एका वर्षात २१ लाखांनी?