दसऱ्याला घेतलेला फिरत्या स्क्रीनचा लॅपटॉप आणि उबुंटू : सात महिन्यांनंतरचा अनुभव

लिहीन लिहीन म्हणत लई दिवस गेले, आज दुकान बंद आहे म्हणून एकदाचा बसलोय. आमचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन), फाउंड्रीवाल्यांची कास्टिंग येतात मशिनिंगला. ड्रॉइंग आजकाल सगळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफमध्ये येतात आणि बहुतेक ए४ उभी असतात. मोबाइलवर टॉलरन्स वाचता येत नाही, साध्या लॅपटॉपवर अर्धं ड्रॉइंग दिसतं, सारखं वरखाली करत बसायचं आणि हात तेलाचे. म्हणून डोक्यात होतं की ते ३६० अंशात उलटं वळणारं टच स्क्रीनचं मॉडेल घ्यायचं, टॅब्लेटसारखं उभं करून लेथशेजारी ठेवायचं.

२०२५ च्या दसऱ्याला मशीनची पूजा झाली आणि संध्याकाळी सेकंडहँड घेऊनच आलो. पेंटियम एन४२०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ११.६ इंची स्क्रीन. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. दसरा २ ऑक्टोबरला होता, १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे आपलं नवं नवरेपण बारा दिवसांचं. एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळत होते पण पुढं काय, विंडोज ११ या प्रोसेसरला चालत नाही असं मायक्रोसॉफ्टच सांगतंय. आणि लॅपटॉपच्या कंपनीनं ड्रायव्हर दिलेत ते फक्त विंडोजचे, लिनक्सचं (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टम, उबुंटू आणि मिंट हे त्यातलेच प्रकार) नाव सुद्धा नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत विंडोज काढून टाकलं.

आधी लिनक्स मिंट टाकलं, सिनेमन डेस्कटॉपवालं. मस्त हलकं चाललं, पण स्क्रीन काही आपोआप फिरेना. कमांड देऊन हातानं फिरवली तर चित्र फिरलं आणि टच तिथंच राहिला, म्हणजे बोट लावायचं डावीकडं आणि क्लिक व्हायचं भलतीकडंच. टचला सुद्धा वेगळं वळवावं लागतं हे तेव्हा कुणाला माहीत. जिथून घेतला त्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "लिनक्सवर सेन्सर चालतच नाही साहेब, विंडोज टाका परत." मी आठवडाभर सेन्सर (लॅपटॉप कसा धरलाय ते ओळखणारी चिप) गेला असंच धरून चाललो, आणि तिथंच पहिली चूक झाली.

मग उबुंटू २४.०४ टाकलं, त्यात जीनोम (डेस्कटॉप) आणि वेलँड (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) असल्यानं टच आपसूक स्क्रीनबरोबर फिरतो, ते एक डोकेदुखीचं काम गेलं. इथं स्क्रीन फिरली. फिरली म्हणजे काय, लॅपटॉप सरळ धरला की मजकूर आडवा आणि उभा धरला की पुन्हा चुकीच्याच बाजूला, कसाही धरा ९० अंशाचा फरक पक्का. आमचे टर्नर मामा तीस वर्षं लेथवर आहेत, ते बघून म्हणाले, "बाळा, ह्याला चक्कर आली काय?"

पण मला त्यात बरं वाटलं. कारण सेन्सर मेलेला असता तर काहीच झालं नसतं, हा चुकतोय पण प्रत्येक वेळी एकसारखाच चुकतोय. आमच्याकडं असं झालं की आम्ही मशीनला शिव्या देत नाही, जॉब (मशिनिंगचा तुकडा) कसा बांधलाय ते बघतो. टर्मिनलमध्ये मॉनिटर-सेन्सर नावाची कमांड आहे, आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी या प्रोग्रामबरोबर येते, ती चालू ठेवून लॅपटॉप हातात फिरवला की एकेक ओळ येत जाते, नॉर्मल, लेफ्ट-अप, राइट-अप, बॉटम-अप. मी सरळ धरला तर तो म्हणतोय राइट-अप. म्हणजे चिप ठणठणीत, फक्त कंपनीनं बोर्डवर ती ९० अंश वळवून बसवलीय, आणि वळवून बसवलीय हे लिनक्सला कुणी सांगितलेलं नाही. व्हीएमसीच्या व्हाइसमध्ये जॉब आडवा बांधला आणि प्रोग्राम मात्र उभ्याचा चालवला तर भोकं कुठं पडतील, तेच.

आता हे सांगायची सोय लिनक्समध्ये आधीपासून आहे. सेन्सरची एक मोठी यादी येते, त्यात कुठल्या मॉडेलमध्ये चिप कशी बसवलीय ते लिहिलेलं असतं, मॉडेलचं नाव जुळलं की आपोआप बरोबर होतं. माझं का जुळलं नाही म्हणून बायोसमधली (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) माहिती वाचली तर प्रॉडक्टच्या नावापुढं लिहिलंय "टू बी फिल्ड बाय ओईएम". म्हणजे कंपनीनं भरायची जागा कंपनीनं भरलीच नाही, फॉर्म कोराच सोडला! हसावं का रडावं कळंना. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये असंच असतं हे नंतर कळलं. माझी चिप किऑनिक्सची आहे, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे, त्यामुळं चिपचं नाव आणि बायोसचा नंबर-तारीख मिळून माझी स्वतःची नोंद करावी लागली.

नोंदीत मुख्य असतं ते अॅक्सेल माउंट मॅट्रिक्स, नऊ आकडे, तीन-तीनच्या तीन ओळी. मॅट्रिक्स म्हटल्यावर बारावी आठवून घाबरू नका, सोपं आहे. एक्स, वाय, झेड तीन अॅक्सिस, कुठला कुठं न्यायचा आणि कुणाचं चिन्ह उलटं करायचं एवढंच. फक्त डावं-उजवं उलटं येत असेल तर एक्सचं चिन्ह बदला, सरळ-उलटं अदलाबदल होत असेल तर वायचं. माझ्यासारखं ९० अंशाचं असेल तर एक्स आणि वायची अदलाबदल करून एकाचं चिन्ह फिरवायचं. मी पहिल्यांदा चिन्ह भलत्याचंच फिरवलं, तर स्क्रीन चारी बाजूंनी डोक्यावर उभी राहिली. म्हणजे ९० काढायच्या ऐवजी आणखी ९० घातले. मग उणे चिन्ह दुसऱ्या ओळीतून काढून पहिल्यात टाकलं, ०, -१, ० मग १, ०, ० मग ०, ०, १, आणि बसलं की! तुमच्याकडं हेच आकडे चालतील असं नाही, मॉनिटर-सेन्सर बघूनच ठरवा.

यात मी दोन ठिकाणी आपटलो ते सांगतो म्हणजे तुमची संध्याकाळ वाचेल. एक, त्या फाइलमध्ये मॅट्रिक्सच्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस लागते. एकच स्पेस, पण नसली तर नोंद धरतच नाही. रात्री अकरापर्यंत मी आकडे बदलत बसलो आणि आकडे बरोबरच होते. दोन, मी शहाणपणा करून सिस्टमची मूळ यादीच एडिट केली होती, दीडेक महिन्यानं अपडेट आला आणि माझी नोंद पुसून गेली, सकाळी मामा परत ओरडले चक्कर आली म्हणून. आपली नोंद इटीसीमधल्या युडेव्हच्या फोल्डरमध्ये ६१-सेन्सर-लोकल नावानं वेगळी ठेवायची, तिला अपडेट हात लावत नाही. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, मग युडेव्हअॅडम ट्रिगर, आणि सेन्सर-प्रॉक्सीची सर्व्हिस रीस्टार्ट. रीबूट केलं तरी चालतं, पण अपडेटवाली कमांड विसरलात तर दहा रीबूट फुकट.

बाकी रोजचं म्हणाल तर कुरबुरी आहेत. टेबलावर सपाट आडवा ठेवला की गुरुत्वाकर्षण सगळं झेडवर जातं, मग वर कुठली बाजू हे त्याला कळायला मार्गच नाही, आधीचंच धरून बसतो, त्यात त्याची चूक नाही. आम्ही पॅकिंगच्या लाकडाचा तिरका स्टँड केलाय. झोपेतून उठल्यावर कधीमधी अडकतो, सर्व्हिस रीस्टार्ट केली की सुटतो, त्याचा मी डेस्कटॉपवर आयकॉन करून ठेवलाय. ब्राउझरचे सहा-सात टॅब उघडले की ४ जीबीवर हत्ती बसतो. पण पीडीएफला काही त्रास नाही, आणि उभ्या स्क्रीनवर पूर्ण ड्रॉइंग दिसणं म्हणजे नाद खुळा.

सगळ्यात मोठा घोळ मात्र फेब्रुवारीत झाला आणि तो सॉफ्टवेअरचा नव्हताच. बिल टाइप करता करता कीबोर्ड बंद. टचपॅड पण बंद. स्क्रीन चालू, टच चालू. पाच मिनिटांनी परत सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटलं बारीक चिप्स आत गेल्या असतील, रिपेअरवाल्याला दाखवला तर त्यानं कीबोर्ड बदलायला सांगितलं, साडेतीन हजार. पैसे द्यायच्या आधी म्हटलं एकदा लिबइनपुटची (लिनक्समधला कीबोर्ड-टच सांभाळणारा भाग) डीबग-इव्हेंट्स कमांड लावून बघू. लावली आणि बघत बसलो, काही नाही. तेवढ्यात मामांचं जॉबला डायल (बारीक माप दाखवणारं घड्याळ) लावून झालं आणि त्यांनी मॅग्नेटिक बेस (डायलचा चुंबकी स्टँड) आणून बेंचवर ठेवला, लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याशेजारी, वीतभर पण अंतर नसेल. टर्मिनलमध्ये ओळ आली, टॅब्लेट-मोड १. बेस उचलला, टॅब्लेट-मोड ०. ठेवला, १. उचलला, ०. मी आणि मामा लहान पोरांसारखं ठेव-उचल करत बसलो.

झाकण पूर्ण मागं वळलंय हे ओळखायला आत लोहचुंबक आणि ते ओळखणारा हॉल सेन्सर असतो. आमच्या बेसमुळं त्याला वाटायचं की आपण टॅब्लेट झालो, आणि टॅब्लेट झाला की लिनक्स कीबोर्ड-टचपॅड बंद करतं, मांडीवर उगाच बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. जीनोम स्क्रीन आपोआप फिरवतं ते पण याच टॅब्लेट मोडमध्ये, म्हणून कुणाची स्क्रीन अजिबातच फिरत नसेल तर मॅट्रिक्सच्या मागं लागायच्या आधी झाकण वळवून हा १ येतोय का बघा.

कीबोर्डचे साडेतीन हजार वाचले. आता बेंचवर मामांनी पिवळ्या ऑइल पेंटनं रेघ मारलीय, डायलचा स्टँड रेघेच्या पलीकडं. परवा चहावाल्या पोरानं विचारलं रेघ कसली, तर मामा म्हणतात, "त्ये चुंबक हिकडं आणलं की ह्याला वाटतंय आपण पाटी हाय."