ओरेम, हेंडरसन की लीनिंगर? केअर प्लॅनसाठी थिअरी निवडताना

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातली आपली मुलं-मुली नर्सिंगला जातात, नर्सिंगच्या थिअरी (पेशंटकडे कसं बघायचं, काळजी कशी घ्यायची याचे मांडलेले विचार) पाठ करून पेपर देतात, आणि पुढे केस स्टडी लिहायची वेळ आली की अडतात: यातली लावायची कोणती? बरेच जण सीनिअरच्या फाइलमध्ये असेल तीच उतरवतात. तसं करू नका. थिअरी बदलली की पेशंटकडे बघताना आधी काय नजरेत भरतं तेच बदलतं. आणि थिअरी नसली की केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा नर्सने लिहायचा आराखडा) म्हणजे डॉक्टरांच्या ऑर्डरी दुसऱ्या रकान्यात लिहिलेला कागद होतो. त्यात नर्सचा स्वतःचा विचार कुठेच दिसत नाही.

तुलनेसाठी पेशंट एकच धरू. खानापूर तालुक्यातला साठीचा शेतकरी. जुनी शुगर, भाताच्या शेतात अनवाणी वावर, पायाला चिघळलेली जखम. जखम साफ झाली आहे, इन्सुलिन नव्याने सुरू झालंय, चार-पाच दिवसांत घरी जाईल.

हेंडरसन

व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या १४ मूलभूत गरजा मांडल्या. श्वास, खाणंपिणं, शौच-लघवी, हालचाल, झोप इथून सुरुवात होते आणि मन मोकळं करणं, श्रद्धेप्रमाणे वागणं, काम, करमणूक, शिकणं इथपर्यंत यादी जाते. ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर माणसाने जे स्वतःच केलं असतं, ते त्याला करायला मदत करणं हे नर्सचं काम, आणि तो लवकरात लवकर आपल्या पायावर उभा राहील अशा बेताने करणं.

पहिल्या पोस्टिंगला हीच घ्या. काही सुटत नाही. ऑपरेशननंतरचा, बेशुद्ध किंवा अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल तर हिच्याइतकी हाताशी येणारी दुसरी नाही. पण आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत निम्म्याहून जास्त रकान्यांत ‘नॉर्मल’ लिहावं लागेल, आणि ज्यावर त्याचा पाय वाचणं अवलंबून आहे ते शिकणं यादीत सर्वांत शेवटी आहे. विद्यार्थी तिथवर पोचेपर्यंत थकलेला असतो.

ओरेम

माझा कौल डोरोथिया ओरेम यांना. १९७१ च्या पुस्तकात त्यांनी मांडलेला विचार असा: प्रत्येक जण स्वतःची काळजी स्वतः घेतच असतो, आजारात काळजीची गरज वाढते, क्षमता तेवढी पुरत नाही, आणि मधली जी तूट राहते तिथे नर्स लागते. तूट किती यावर तीन पद्धती ठरतात. सगळं नर्सने करायचं, काही नर्सने आणि काही पेशंटने करायचं, किंवा पेशंटनेच करायचं आणि नर्सने शिकवायचं, धीर द्यायचा.

आपल्या शेतकऱ्याचा केअर प्लॅन यावर आपोआप पुढे सरकतो. पहिल्या दिवशी ड्रेसिंग सिस्टर करतात, तोंड-अंघोळ तो स्वतः करतो. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तळपाय रोज कसा तपासायचा हे तो आपल्याला करून दाखवतो. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे ‘व्हय’च म्हणतात. हातात सिरिंज द्या आणि बघा.

‘सेल्फ केअर आपल्याकडे चालत नाही, इथे सगळं घरचेच करतात’ असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. दुसऱ्यासाठी काळजी घेणारी व्यक्ती ओरेम यांनीही हिशेबात धरली आहे. मग तपासणी बायकोचीही करायची: सिरिंजवरचे आकडे तिला दिसतात का, ताटात भात किती वाढायचा हे ठरवणं तिच्या हातात आहे की सासूच्या, घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिन मातीच्या गार भांड्यात कोरडं कसं ठेवायचं हे तिला कोणी दाखवलंय का.

लीनिंगर

मॅडेलिन लीनिंगर नर्स होत्या आणि मानववंशशास्त्रज्ञही. न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला. पेशंटची जी रीत आहे तिच्याशी वागण्याचे त्यांनी तीन मार्ग सांगितले: जपायची, जुळवून घ्यायची, किंवा त्याला बरोबर घेऊन बदलायची.

सीमाभागात हिची गरज रोज पडते. आपल्या शेतकऱ्याचा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचा नवस आहे असं धरा. नवस जपायचा. चालत जाण्याऐवजी गाडीने जाणं, देवळाच्या दारापर्यंत पायात चप्पल ठेवणं, हे घरच्यांसोबत बसून जुळवायचं. तंबाखूची सवय असेल तर ती मात्र बदलायची, कारण पायाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. भाषाही यातच येते. सूचना कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहिल्या आणि घरात वाचणारा फक्त मराठी जाणत असेल, तर ती काळजी दवाखान्याच्या दारातच संपते. मराठी सिस्टरसमोर बैलहोंगलची आजी कन्नड बोलत असते तेव्हाही अगदी तेच घडतं.

हिला वेळ लागतो, आणि कॅज्युअल्टीत तो नसतो. शिवाय अर्धवट वापरली तर जातीवरून, गावावरून माणसाची सवय गृहीत धरली जाते. आधी विचारा, मग लिहा.

म्हणून घरी जाणाऱ्या पेशंटसाठी सांगाडा ओरेम यांचा घ्या, आणि काय शिकवायचं, कोणत्या भाषेत, कोणासमोर, हे लीनिंगर यांना विचारून भरा. एम.एस्सी.च्या प्रबंधालाही ओरेम सोयीच्या पडतात, कारण स्वतःची काळजी घेण्याची माहिती आणि सवय शिकवण्याआधी व नंतर मोजता येते.

मानसिक आजाराच्या वॉर्डात पोस्टिंग असेल तर हिल्डेगार्ड पेपलाऊ यांच्याकडे वळा. नर्स आणि पेशंटचं नातंच तिथे उपचाराचा भाग असतं. कॅलिस्टा रॉय यांचं अनुकूलनाचं, म्हणजे बदलाशी जुळवून घेण्याचं मॉडेल पाय कापावा लागलेल्या, घरातलं स्थान बदललेल्या माणसासाठी फार चांगलं आहे, पण स्टिम्युलसचे (माणसावर परिणाम करणाऱ्या गोष्टींचे) तीन प्रकार वेगळे करताना नवीन विद्यार्थी अडकतात.

एका पेशंटसाठी मात्र मी या सगळ्यांना बाजूला ठेवेन. निपाणीकडची विडी वळणारी बाई खोकला घेऊन आली, तर १८५९ च्या पुस्तकातल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे जा: हवा, उजेड, स्वच्छता. ती कुठे बसून वळते, त्या खोलीला खिडकी आहे का, तंबाखू ठेवलेल्या खोलीत लेकरं झोपतात का, हे विचारा. केअर प्लॅनची पहिली ओळ तिथूनच लिहायची.