सेकंड लाइफमध्ये जागा घेताय? आधी शेजारच्या प्लॉटवर उभे राहा

सेकंड लाइफ म्हणजे लिंडन लॅब या कंपनीचं ऑनलाइन आभासी जग, तिथे जमीन घेऊन घर बांधता येतं. भाच्याचा मेसेज आला, "मावशी, सेकंड लाइफमध्ये मेनलँडवर १०२४ चौरस मीटर घेऊ, की एखाद्या एस्टेटवर भाड्याने राहू?" भाचा कांदिवली पूर्वेला चौदाव्या मजल्यावर राहतो. फ्लॅट घेतला तेव्हा हॉलच्या खिडकीतून नॅशनल पार्कची टेकडी दिसायची, आता समोरच्या टॉवरचे पार्किंगचे मजले दिसतात. त्यामुळे त्याला समजावणं सोपं गेलं. तेच जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच.

आपल्या भाषेत सांगायचं तर मेनलँड म्हणजे मालकीचा प्लॉट, पण शेजाऱ्याला बांधकामाचे नियम जवळजवळ नाहीत. एस्टेट म्हणजे खासगी मालकाकडचं लीव्ह अँड लायसन्स. आणि लिंडन लॅबच्या बेलिसेरिया या वस्तीतलं लिंडन होम म्हणजे कंपनीचं क्वार्टर. पैशांचा फरक आहेच, पण तो मी दुय्यम धरते. तिन्हीकडे खरा फरक एकच आहे: बाजूचा माणूस काय बांधू शकतो आणि त्याला कोण अडवू शकतं.

मेनलँडबद्दल जास्त बोलते, कारण मी तिथेच पोळले आहे. तिथला एक रीजन, म्हणजे जमिनीचा मोठा चौकोन, २५६ बाय २५६ मीटरचा, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. त्याचे तुकडे पाडत पाडत १६ चौरस मीटरपर्यंत खाली येता येतं. चार बाय चार, आपल्याकडच्या पानटपरीला जरा ऐसपैस होईल एवढी जागा. पूर्वी काही लोकांनी याचाच धंदा केला. चांगल्या वस्तीच्या मधोमध असला चिमुकला तुकडा घ्यायचा, त्यावर गरगर फिरणारा जाहिरातीचा खांब उभा करायचा आणि तुकडा अव्वाच्या सव्वा भावाला विक्रीला लावायचा. शेजारी वैतागून घेणारच. रिडेव्हलपमेंटमध्ये सही अडवून बसणारा एखादा गाळेवाला असतो ना, तसंच. फक्त इथे गाळा अडवण्यासाठीच विकत घेतलेला असायचा. हे इतकं वाढलं की २००८ मध्ये लिंडन लॅबने मेनलँडवरच्या अशा जाहिरातींवर निर्बंध आणले.

जाहिरातींना नियम आला, कुरूपतेला नाही. तो येणारही नाही, कारण कुरूप काय हे कोण ठरवणार?

माझा प्लॉट एका खाडीच्या काठावर होता. समोर पाणी, डाव्या हाताला कोणाचं तरी नीटनेटकं कौलारू घर. ते घर विकलं गेलं. नवीन मालकाने पहिल्याच रात्री चाळीसेक मीटर उंचीचा एक खोका उभा केला. पोत बदललेला नाही, म्हणजे नवा प्रिम (बांधकामाचा मूळ ठोकळा) काढला की जो प्लायवूड येतो तोच. वर त्याला फुलब्राइट लावलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: फुलब्राइट वस्तूवर सावली-अंधाराचा परिणाम होत नाही. सगळीकडे मध्यरात्र आणि हा प्लायवूड भर दुपारच्या उन्हात असल्यासारखा लख्ख. मी तेव्हा प्लॉट मीटरला सहा लिंडन डॉलरने (हे तिथलं चलन) विक्रीला लावला होता. लोक यायचे, गच्चीवर उभे राहायचे, कॅमेरा समोरच्या पाण्यावरून डावीकडे वळवायचे आणि नाहीसे व्हायचे. एक बाई तेवढं "सॉरी" टाइप करून गेली. मी तीनवर आले, तरी गिऱ्हाईक नाही.

उपाय आहेत, पण ते कोणाच्या डोळ्यांसाठी आहेत ते बघा. फायरस्टॉर्म व्ह्यूअरमध्ये (हे जग बघायचं एक सॉफ्टवेअर) नको त्या वस्तूवर राइट क्लिक करून ती डीरेंडर, म्हणजे आपल्या स्क्रीनवरून गायब, करता येते, ब्लॅकलिस्टमध्ये टाकली की पुन्हा दिसतही नाही. तुम्हाला दिसत नाही. पाहुण्याला आणि गिऱ्हाइकाला खोका तसाच दिसतो, त्यामुळे राहायला हा उपाय उत्तम आणि विकायला शून्य. दुसरा उपाय म्हणजे आपल्या हद्दीत झाडांची किंवा डोंगराच्या चित्राची भिंत. ती सगळ्यांना दिसते, पण मग पलीकडच्या बाजूच्या शेजाऱ्यासाठी आपणच तो खोका होतो.

तिसरा मार्ग वाट बघण्याचा. मेनलँडवर उत्साह ओसरतो, माणूस जमिनीची महिन्याची फी भरेनासा होतो आणि जमीन सोडली जाते. माझा प्लायवूडवाला सात महिन्यांत गेला. सोडून दिलेली, आपल्याला लागून असलेली जमीन प्रीमियम (वर्गणी भरणाऱ्या) सदस्याला अर्ज करून मीटरला एक लिंडन डॉलरने मागता येते, तशी मी ती घेतली. महिन्याची फी मात्र वाढली, कारण प्रीमियममध्ये फुकट मिळतात ते १०२४ मीटरच.

आता घेताना काय बघायचं. समोर पाणी आहे की बाग, याला फार भुलू नका. जमिनीवर राइट क्लिक करून ती कोणाच्या नावावर आहे ते बघा. मालकाच्या रकान्यात गव्हर्नर लिंडन, म्हणजे कंपनीचंच खातं, दिसलं की लोक निश्चिंत होतात आणि तिथेच फसतात. रस्ता, नदी, समुद्र म्हणून कायम राखून ठेवलेली जमीन त्या नावावर असते, पण लोकांनी सोडून दिलेली जमीनही त्याच नावावर जाते, आणि ती उद्या कोणालाही मिळू शकते. आज हिरवळ, उद्या खोका. राखीव पाण्याला किंवा रस्त्याला लागून असलेल्या तुकड्याला जास्त भाव मिळतो तो यामुळेच. सी फेसिंग म्हणून पैसे मोजताना मधला मोकळा प्लॉट कोणाचा, हे आपण मुंबईत विचारतो, इथे मात्र विसरतो.

एक गंमत. तुम्हाला जमिनीवर राहायचंच नसेल तर हा सगळा हिशोब उलटा होतो. ४०९६ मीटर उंचीपर्यंत बांधता येतं. दोन-अडीच हजार मीटरवर स्कायबॉक्स (हवेत तरंगणारं घर) टाकून बसलात तर खाली कचराकुंडी असली तरी काय फरक पडतो? अशा माणसाने मुद्दाम सगळ्यात भिकार शेजार शोधावा, स्वस्तात मिळतो.

एस्टेटवर यातलं बरंच टळतं. मालकाचा कोव्हेनंट, म्हणजे नियमावली, असतो: घराची उंची किती, कोणती शैली, हद्दीवर भिंत चालेल की नाही. शेजाऱ्याने मोडला तर मालकाला सांगायचं, तो खोका परत पाठवू शकतो. दृश्य टिकतं, म्हणून आठवड्याचं भाडं द्यायला लोक तयार असतात. पण त्याच मालकाने उद्या रीजन बंद केला तर तुमचं घर इन्व्हेंटरीत (तुमच्या सामानाच्या साठ्यात) परत येतं आणि आगाऊ भाडं गेलं ते गेलं. काही एस्टेटवर जागा "विकत" देतात. त्या शब्दावर जाऊ नका. रीजनची चावी शेवटपर्यंत मालकाकडेच असते. तीन महिन्यांचं भाडं एकदम भरू नका, सवलत देत असले तरी.

बेलिसेरिया २०१९ मध्ये सुरू झालं. घरं त्यांचीच, ठरावीक शैलींतून निवडायची, वर तुमच्या सामानासाठी ३५१ प्रिम. दुकान टाकता येत नाही, स्कायबॉक्स २००० मीटरच्या वरच. शेजारी फार तर अंगणात फ्लेमिंगोंचा थवा उभा करेल. मी प्रीमियमचे वर्षाला ९९ डॉलर भरते, त्यात हे घर येतं, पण मग फुकटचे १०२४ मीटर त्यातच संपतात. विकता मात्र येत नाही, त्यामुळे भाव पडण्याची चिंताच नाही. नव्याने येणाऱ्याला मी डोळे मिटून इथे पाठवते.

भाच्याने मध्येच डिसेंट्रालँड काढलं, क्रिप्टोवर जमीन विकणारं दुसरं आभासी जग. तिथे १६ बाय १६ मीटरचे ९०,६०१ पार्सल आहेत आणि उंचीला सूत्र आहे: एका पार्सलवर २० मीटर, जोडलेल्या तिनांवर ४०. थोडक्यात एफएसआय. तरीही उंची बांधली म्हणजे चव बांधली असं होत नाही. शेजाराची किंमत लोक कशी लावतात ते सँडबॉक्स नावाच्या तशाच जगात दिसलं. २०२१ च्या डिसेंबरात स्नूप डॉगच्या शेजारच्या जागेला कोणीतरी साडेचार लाख डॉलरच्या आसपास मोजले. पुढे हा बाजार कसा कोसळला ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय अशी क्रिप्टोतली जागा नफ्यात विकली तर आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजाही होत नाही. त्याला म्हटलं, हौस असेल तर घे, गुंतवणूक म्हणू नकोस.

त्याला बोटी चालवायच्या आहेत, दुकानही टाकायचं आहे. म्हणजे बेलिसेरिया बाद आणि त्याच्यासाठी मेनलँडच बरं, पण राखीव पाण्यालाच लागून. काल रात्री त्याने एक लँडमार्क, म्हणजे जागेचा पत्ता, पाठवला. गेले. समोर खरंच सुरेख पाणी, राखीव. उजवीकडे रिकामा तुकडा, त्यावर कोपऱ्यात एकच छोटा प्लायवूडचा ठोकळा. क्लिक करून बघितलं, जमीन घेतल्याची तारीख परवाची.

त्याला लिहिलं, "आठवडाभर थांब. ठोकळा वाढतो का बघू."