विद्यापीठ की क्लास? चीनमध्ये इंग्रजी शिकवायला निघालेल्यांसाठी

माझ्या भाचीकडे सध्या दोन करारपत्रं येऊन पडली आहेत. एक हबेई प्रांतातल्या एका विद्यापीठाचं: महिन्याला 8,500 युआन, आठवड्याला 16 तासिका, कॅम्पसवर राहायला फुकट घर. दुसरं सुझौ शहरातल्या इंग्रजीच्या खासगी क्लासचं: 19,000 युआन, घर ज्याचं त्याने बघायचं. एक युआन म्हणजे बारा-तेरा रुपयांच्या आसपास. घरातल्या मंडळींनी पाच मिनिटांत गुणाकार केला आणि निकालही लावून टाकला. मी मात्र दोन्ही करून बसलेय. दोन वर्षं हबेईच्याच राजधानीत, शिजियाझुआंगच्या एका विद्यापीठात, नंतर दीड वर्ष सुझौमध्येच एका क्लासमध्ये. त्या गुणाकारात जे येत नाही, तेवढं लिहिते.

आधी पासपोर्टचं बोलू. भाची कॅनडाची नागरिक आहे, मीही. सांगली-साताऱ्याहून थेट जाऊ पाहणाऱ्यांना हे सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण एजंट सांगत नाहीत. चीनच्या नियमानुसार परदेशी माणसाने भाषा शिकवायची तर तत्त्वतः ती त्याच्या देशाची मातृभाषा असावी. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात याचा अर्थ सात पासपोर्ट: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. शिवाय पदवी हवी, आणि दोन वर्षांचा अनुभव किंवा शिकवण्याचं प्रमाणपत्र. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवण्याचा परवाना मिळणं फार अवघड. आंतरराष्ट्रीय शाळेत गणित किंवा भौतिकशास्त्र इंग्रजीतून शिकवायचं असेल तर तो रस्ता वेगळा. "आत्ता बिझनेस व्हिसावर या, मग बदलून देऊ" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. बेकायदा नोकरीला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर 5 ते 15 दिवस कोठडी, आणि त्या कोठडीत एजंट जात नाही.

विद्यापीठातले दिवस

सकाळी आठला पहिली तासिका. 45 मिनिटांच्या दोन जोडून, मध्ये दहा मिनिटं. साडेअकराला कॅन्टीनमध्ये झुंबड, आणि जेवण झालं की अख्खं कॅम्पस झोपतं. दोन वाजेपर्यंत ऑफिसात कुणी फोन उचलत नाही. जो तो टेबलावर डोकं टेकून वामकुक्षीत. पुण्यातल्या दुकानांची आपण उगाच टिंगल करतो.

परदेशी शिक्षकाला म्हणतात 'वायजाओ', आणि त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा 'कोउयू' येतं, म्हणजे बोलण्याचं इंग्रजी. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं. ही मुलं तिसरीपासून इंग्रजी शिकलेली असतात, गाओकाओ या प्रवेश परीक्षेत 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे असतात, त्यामुळे व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. पण तोंड उघडत नाही. याला त्यांच्यातच नाव आहे: 'याबा यिंग्यू', मुकं इंग्रजी. पहिला महिना मी प्रश्न विचारायचे आणि चाळीस माना एकदम वह्यांत जायच्या. मला वाटलं, माझ्या उच्चारांत काही खोट आहे. मग एका मुलाने वर्ग संपल्यावर थांबून सांगितलं की हायस्कूलच्या तीन वर्षांत तो वर्गात स्वतःहून एकदाही बोललेला नाही. तो हंगश्वेचा होता. हबेईतलं हे शहर गाओकाओच्या तयारीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. लातूर पॅटर्न ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना फार समजावून सांगावं लागणार नाही. पुढे मी आधी दोन ओळी लिहायला लावायचे, मग शेजाऱ्याला वाचून दाखवायला, आणि मग वर्गाला. डिसेंबरपर्यंत मागच्या बाकावरची मुलं भांडायला लागली, इंग्रजीतून. त्या नोकरीतला माझा सगळ्यात मोठा आनंद तो.

विद्यापीठात काय ठरलंय ते मात्र तुम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळतं. पहिल्या वर्षाच्या मुलांचं सप्टेंबरमध्ये लष्करी प्रशिक्षण असतं, म्हणून त्यांचे वर्ग उशिरा सुरू होतात. मी रिकाम्या खोलीत वीस मिनिटं उभी राहिल्यावर मला हे समजलं. 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असते, पण तिच्यातले काही दिवस आजूबाजूच्या शनिवार-रविवारी भरून द्यावे लागतात. म्हणजे रविवारी शुक्रवारचं वेळापत्रक. हे सगळं आधी 'बानझांग'ला, वर्गाच्या मॉनिटरला, माहीत असतं. त्या पोराशी किंवा पोरीशी पहिल्याच दिवशी वीचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सअॅपवर, मैत्री करा. अधिकृत आधार म्हणजे 'वायबान', परदेशी लोकांचं काम पाहणारं कार्यालय. पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंदणी, मग वैद्यकीय तपासणी, तीस दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज: या सगळ्याला वायबानचा माणूस गाडी घेऊन सोबत आला. सुझौच्या क्लासने मला पत्ता पाठवला आणि "ऑल द बेस्ट" म्हटलं.

संध्याकाळी पाचला जेवण, सहानंतर सगळा वेळ माझा. सुरुवातीला हे वरदान वाटतं. नोव्हेंबरात, बाहेर अंधार आणि कॅम्पसवर आपल्यासारखं आणखी कुणीच नाही, तेव्हा ते अंगावर येतं. मी चिनी भाषा शिकले ती या संध्याकाळींमुळेच. चौकात रोज आज्यांचा नाच चालायचा, मोठ्या स्पीकरवर. तिसऱ्या आठवड्यात मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि भाजीवालीशी काय बोलायचं ते तिथेच शिकले.

क्लासमधले दिवस

इथे जगाच्या उलटं घड्याळ. मुलं शाळेतून सुटली की तुमचं काम सुरू. माझे सोमवार-मंगळवार सुट्टीचे. बुधवार ते शुक्रवार दुपारी दोन ते रात्री नऊ. शनिवार-रविवार सकाळी साडेआठपासून संध्याकाळपर्यंत वर्गामागून वर्ग. करारात लिहिलेले तास फक्त शिकवण्याचे होते. तयारी, 'ऑफिस अवर्स', दुकानांच्या मॉलमधला प्रचाराचा कार्यक्रम आणि डेमो वर्ग त्यात धरलेले नव्हते.

डेमो वर्ग ही वेगळीच परीक्षा असते. काचेच्या भिंतीपलीकडे आईवडील आणि दोन्हीकडचे आजीआजोबा उभे. आत सहा वर्षांचं एक मूल आणि तुम्ही. पंचवीस मिनिटांत ते मूल हसलं पाहिजे आणि त्याच्या तोंडून एक पूर्ण वाक्य बाहेर पडलं पाहिजे, कारण लगेच नंतर विक्रीवाली मुलगी फीचं पुस्तक उघडणार. शिकवण्यात मजा आहे, हे कबूल. दहा-बारा मुलं, मदतीला चिनी सहशिक्षिका, खेळ, स्टिकर. लहान मुलं चुकायला घाबरत नाहीत. पण रविवारी संध्याकाळी माझ्या घशातून आवाज येत नसे, आणि त्यानंतर पालकांच्या गटावर प्रत्येक मुलाचा व्हिडिओ आणि दोन कौतुकाच्या ओळी टाकायच्या असत.

आता भाचीला जे तोंडावर सांगणं अवघड गेलं ते. अर्जासोबत फोटो मागतात, आणि तो उगाच मागत नाहीत. सुझौत एका आईने माझ्यासमोर सहशिक्षिकेला विचारलं की "खरी परदेशी" बाई कधी येणार. खरी म्हणजे गोरी. माझा कॅनडाचा पासपोर्ट, माझा उच्चार, दोन वर्षांचा विद्यापीठातला अनुभव, सगळं तिथे गौण. क्लासने माझा फोटो जाहिरातीत घेतला नाही; रागाने नव्हे, धंदा म्हणून. विद्यापीठात हे जवळपास जाणवलं नाही, कारण तिथे फी भरणारं गिऱ्हाईक काचेपलीकडे उभं नसतं. तिथली मुलं माझा वंश कळल्यावर आमिर खानबद्दल विचारायची आणि फाटकावरचे म्हातारे रखवालदार अंगठा वर करून म्हणायचे, "क दिह्वा!" म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, 1942 मध्ये हबेईतच वारले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. परक्या गावात एका सोलापूरकराच्या पुण्याईवर मला दोन वर्षं हसून नमस्कार मिळाला.

पैसा, पण नीट मांडून

शिजियाझुआंगला माझा खर्च कॅन्टीन, भाजी आणि रेल्वे एवढाच. महिन्याला 2,500 युआन पुष्कळ झाले, कधी बेजिंगला गेलं तरी. जलदगती गाडीने ते सव्वा-दीड तासावर आहे. सुझौला घरभाडं 4,000. 'या यी फू सान' ही तिथली पद्धत लक्षात ठेवा: एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. म्हणजे पहिला पगार हातात येण्याआधी 16,000 युआन खिशातून जातात. त्यात कर, सामाजिक विमा, आणि दमल्यावर रोज मागवलेलं बाहेरचं जेवण. तरीही शिल्लक सुझौतच जास्त पडली, जवळजवळ दुप्पट. हे लपवण्यात अर्थ नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल तर क्लासचा विचार करायला हवा.

पण दुप्पट शिल्लक मोजताना सुट्ट्या वजा करा. विद्यापीठात वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आगेमागे महिना-दीड महिना आणि उन्हाळ्यात जुलै-ऑगस्ट मोकळे. फक्त करार दहा महिन्यांचा आहे की बाराचा, ते बघायचं. क्लासमध्ये शाळांची सुट्टी हाच हंगाम. मी दीड वर्षात एकदाच घरी आले.

दुसरी गोष्ट, नोकरी टिकेल का? जुलै 2021 मध्ये सरकारने 'श्वांग जियेन', दुहेरी भारकपात, नावाचं धोरण आणलं. पहिली ते नववीच्या मुलांना शालेय विषय नफ्यासाठी शिकवण्यावर बंदी, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत तर नाहीच. इंग्रजी हा शालेय विषय. मोठमोठ्या कंपन्या काही आठवड्यांत बसल्या. जे उरले ते नाट्य, वक्तृत्व, 'व्यक्तिमत्त्व विकास' अशा पाट्या लावून किंवा प्रौढांना शिकवून चालतात. पाटीवर काय लिहिलंय आणि आत काय शिकवतात, यांत फरक असेल तर तपासणीच्या दिवशी तुम्हाला मागच्या दाराने घरी पाठवतात. मला दोनदा पाठवलं. शिवाय मुलंच कमी होत आहेत: 2016 मध्ये चीनमध्ये 1 कोटी 78 लाखांहून अधिक बाळं जन्मली, 2023 मध्ये 90 लाख. बालवाडीची नोकरी कुणी देत असेल तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. विद्यापीठाच्या दारात ही घट पोहोचायला अजून बरीच वर्षं आहेत.

सरकारी शाळा आणि आंतरराष्ट्रीय शाळा हे आणखी दोन पर्याय. सरकारी शाळेत आठवड्याला वीस वेगवेगळे वर्ग आणि प्रत्येकात पन्नास मुलं, नावंही लक्षात राहत नाहीत. आंतरराष्ट्रीय शाळांचा पगार सगळ्यांत चांगला, पण त्यांना शिक्षकी पेशाची रीतसर पात्रता लागते. भाचीकडे ती नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडते.

थंडी, जेवण, फोन

हवामानात लोक फसतात. उत्तर म्हणजे थंड आणि दक्षिण म्हणजे ऊबदार, असं नकाशावर. पण हुआय नदी आणि छिनलिंग पर्वत या रेषेच्या उत्तरेला सरकारी केंद्रीय हीटिंग असतं, दक्षिणेला नसतं. शिजियाझुआंगला 15 नोव्हेंबरला पाइप गरम होतात ते 15 मार्चपर्यंत. बाहेर शून्याखाली आणि घरात मी अर्ध्या बाह्यांत. सुझौत शून्याच्या आसपास, दमट, आणि घरात एसीची कुरकुर. आयुष्यात सगळ्यात जास्त कुडकुडले ती सुझौत. उलट हबेईच्या हिवाळ्यातला धूर दम्याच्या माणसाला झेपणार नाही.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे टोमॅटो-अंडं आणि लसणीतली पालेभाजी यांवर दिवस निघतात, अंडं चालत असेल तर. वांग्याच्या भाजीत खिमा असतोच. "मांस नको" म्हटलं तरी तो मांसात मोजत नाहीत. हबेईचा अभिमानाचा पदार्थ गाढवाच्या मांसाचा पाव आहे, पहिल्याच मेजवानीत पुढ्यात येईल. सुझौचं जेवण गोडूस. माझी सोय सिचुआनी मिऱ्याने केली: ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे, आणि ते घालून केलेली उसळ कोकणातल्या आईलाही ओळखू आली असती.

फोनचं मात्र आधी ठरवून निघा. व्हॉट्सअॅप, गूगल, यूट्यूब चीनमध्ये बंद. वीचॅटवर भारतात 2020 पासून बंदी. म्हणजे सांगलीच्या आजीशी बोलायला दोघींपैकी एकीला तरी आडवाट शोधावी लागते. वेळेत अडीच तासांचा फरक. विद्यापीठातून मी रात्री नऊला फोन करायचे, तेव्हा आजीची साडेसहाची दिवेलागण असायची. सुझौहून क्लास संपवून घरी पोचेपर्यंत दहा, आणि तिचं जेवण.

माझं मत भाचीला सांगून झालंय: पहिलं वर्ष विद्यापीठात काढ, भाषा शीक, मग पाहिजे तर क्लासमध्ये जाऊन पैसे कमाव. उलटा क्रम लावलेले बरेच जण सहा महिन्यांत विमानात बसताना पाहिले. कुठलंही घेतलं तरी सहीआधी लेखी विचारायचं, की नोकरी सोडताना कामाचा दाखला आणि परवाना रद्द केल्याचं पत्र किती दिवसांत देणार. त्याशिवाय पुढची नोकरी मिळत नाही, आणि माझ्या क्लासने ते पाच आठवडे दाबून ठेवलं होतं.

भाचीने विद्यापीठाला विचारलं, दुसऱ्या दिवशी वायबानचं उत्तर आलं. क्लासला तिने याबरोबर रविवारचं पूर्ण वेळापत्रकही मागितलंय. त्यांनी आत्तापर्यंत तीन वेळा हसरे चेहरे पाठवलेत.