१६ फुटी गॅरेजचे दार: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घराच्या दर्शनी भागात सर्वांत मोठी वस्तू कोणती, असे कोणी विचारले असते तर मी मुख्य दरवाजा किंवा दिवाणखान्याची खिडकी असे काहीतरी उत्तर दिले असते. टेप लावून मोजले तेव्हा लक्षात आले की, या बैठ्या घराच्या पुढच्या भिंतीचा जवळपास एक तृतीयांश भाग एकट्या गॅरेजच्या दाराने व्यापला आहे. दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे. तिथे पूर्वी असलेले रोलिंग शटर खालून गंजले होते आणि उघडताना साऱ्या आळीला जागे करीत होते, म्हणून ते काढून आडव्या पॅनलांचे, वर सरकून छताखाली आडवे होणारे दार बसवले. विक्रेते त्याला सेक्शनल डोअर म्हणतात. या गोष्टीला आता अकरा महिने झाले. दार कसे चालते यापेक्षा ते घराला कसे दिसते, याबद्दल मला अधिक लिहायचे आहे, कारण आमचे सर्व वाद त्यावरच झाले होते.

निवड करताना पहिली चूक होता होता टळली. मला जुन्या बग्गीखान्याच्या दारांसारखा नमुना आवडला होता. दोन झडपांचा आभास, मध्ये उभी फट, तिरप्या पट्ट्या, काळ्या लोखंडी बिजागऱ्या आणि कड्या, असे त्याचे रूप होते. आमचे घर मात्र सपाट छताचे, लांबट खिडक्यांचे, आडव्या रेषांचे आहे, आणि त्यावर हे दार उसने आणलेल्या दागिन्यासारखे दिसले असते. शिवाय ज्या बिजागऱ्यांवर काहीच फिरत नाही आणि ज्या कडीला धरून काहीच ओढले जात नाही, त्या लावाव्यात तरी कशाला? वर उचलले जाणारे गॅरेजचे दार १९२१ साली अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी तयार केले. त्याआधी ही दारे बहुधा बाजूला उघडत किंवा सरकत, आणि नकली बिजागऱ्या ही त्याच काळाची आठवण आहे. उतरत्या छपराच्या, लाकडी चौकटींच्या घराला ती आठवण शोभते. आमच्या घराला तिचा काही संबंध नव्हता.

पत्नीने सुचवलेली एक युक्ती इथे फार उपयोगी पडली. तिने रस्त्याच्या पलीकडून घराचा समोरून फोटो काढला आणि तो मोबाइलमध्ये कृष्णधवल केला. रंग निघून गेल्यावर डोळ्यांना फक्त आकार, रेषा आणि गडद-फिकटपणा उरतो, आणि कॅटलॉगमध्ये मोहक वाटलेले निम्मे नमुने त्याच बैठकीत बाद होतात. सात फुटी दार साधारणपणे २१ इंचांच्या चार पॅनलांचे असते, म्हणजे त्यावर जमिनीपासून २१, ४२ आणि ६३ इंचांवर तीन आडव्या सांध्यांच्या रेषा येतात. आमच्या खिडक्यांचे तळ जमिनीपासून ४८ इंचांवर आहेत, कारण घराचे जोते गॅरेजच्या जमिनीपेक्षा उंच आहे. दाराची ठळक रेषा ४२ वर आणि शेजारच्या खिडकीची ४८ वर, हा सहा इंचांचा फरक फोटोत एकदा दिसला की नजरेतून जाता जात नाही. अशा वेळी दोनच मार्ग उरतात: सांधा जवळजवळ दिसू न देणारे सपाट दार घ्यावे, किंवा इतक्या बारीक आडव्या रेघांचे घ्यावे की मूळ सांधे त्यांत हरवून जातील. आम्ही दुसरा मार्ग पत्करला.

त्याचे कारण केवळ सौंदर्याचे नव्हते. अगदी गुळगुळीत पत्र्यावर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की त्याच्यातले सूक्ष्म चढउतार लहरींसारखे उठून दिसतात, आणि लहानसा पोचा आला तरी तो दुरून कळतो. बारीक रेघांचा किंवा खरबरीत पोताचा पत्रा हे दोष झाकतो. मधल्या काळात सायकलचे हँडल आपटून आमच्या दाराला एक पोचा आला आहे, पण तो कुठे आहे हे मलाही शोधावे लागते. उणी बाजू अशी की रेघांमध्ये धूळ बसते आणि ती फडक्याने निघत नाही. मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन आडव्या दिशेनेच घासावे लागते. महिन्यातून एकदा अर्धा तास द्यायची तयारी नसेल त्यांनी हा नमुना घेऊ नये.

रंगाच्या बाबतीत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तरीही निम्मेच बरोबर ठरलो. तळहाताएवढ्या नमुन्यावरून ११२ चौरस फुटांच्या पृष्ठभागाची कल्पना करणे अवघड असते. तोच रंग मोठ्या क्षेत्रावर अधिक उठावदार वाटतो, आणि उघड्या प्रकाशात दुकानातल्यापेक्षा पुष्कळ फिका दिसतो. आम्ही आरएएल या रंगक्रमांकांच्या यादीतला ७०१६, म्हणजे सध्या जिथे तिथे दिसणारा गडद अँथ्रासाइट करडा, जवळजवळ नक्की केला होता. शेवटच्या क्षणी आम्ही त्याहून बराच हलका, भिंतीच्याच छटेतला पण तिच्यापेक्षा दोन पायऱ्या गडद असा करडा घेतला. त्यामुळे दार भिंतीत विलीन होते आणि पाहुण्यांची नजर सागवानी मुख्य दरवाजाकडे जाते. मला स्वतःला ही निवड या सगळ्या खटाटोपातली सर्वांत चांगली वाटते. गॅरेजचे दार मुळातच इतके मोठे असते की, त्याला आणखी ठळक रंग दिला तर घरापुढे दुसरे काही दिसतच नाही.

गडद रंग टाळण्यामागे उष्णतेचाही विचार होता. आमच्या दाराला आतून-बाहेरून पोलादी पत्रा आणि मध्ये ४० मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम आहे. फोममुळे आतला पत्रा गार राहतो आणि बाहेरचा मात्र उन्हात तापतो. १६ फुटी पोलादी पत्र्याचे तापमान ३० अंश सेल्सियसने वाढले तर तो सुमारे पावणेदोन मिलिमीटर लांबतो. बाहेरची बाजू लांबली आणि आतली तेवढीच राहिली, की पॅनल धनुष्यासारखे बाहेर वाकते. रंग जितका गडद आणि दार जितके रुंद, तितका हा बाक मोठा. आमच्याकडे करडा हलका असूनही भर उन्हाळ्यात दुपारी दार बाजूच्या रबराला किंचित घासून कुरकुरत असे. संध्याकाळी आवाज आपोआप थांबे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या रुंद दाराला काळा किंवा गडद तपकिरी रंग देण्यापूर्वी याचा विचार अवश्य करावा.

लाकडासारखी छपाई केलेला पत्रा आम्ही पाहिला आणि नाकारला. शेजारी खरे सागवान असताना छापील सागवान लगेच उघडे पडते.

आता तावदानांविषयी, कारण माझा पश्चात्ताप तिथे आहे. दाराच्या सर्वांत वरच्या पॅनलमध्ये आम्ही दुधी काचेसारखी चार ॲक्रिलिक तावदाने घेतली. दिवसा त्यांतून गॅरेजमध्ये उत्तम उजेड येतो आणि बाहेरून १६ फुटांचा सलग पत्रा जड वाटत नाही. आकारही खिडक्यांच्या लांबट प्रमाणाशी जुळवून घेतला होता, त्यामुळे ती घराचाच भाग वाटतात. परंतु रात्री आत दिवा लावला की मागच्या फळीवरच्या डब्यांच्या आणि शिडीच्या सावल्या त्या दुधी पडद्यावर स्पष्ट उमटतात. कॅटलॉगमधला रात्रीचा फोटो रिकाम्या गॅरेजचा असतो, हे मला उशिरा उमगले. अखेरीस फळी बाजूच्या भिंतीवर हलवली आणि प्रश्न सुटला. दुसरे असे की ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात. सुरुवातीच्या दिवसांत कोरड्या फडक्याने पुसल्याच्या खुणा दोन तावदानांवर कायमच्या राहिल्या आहेत. खरी काच घेतली असती तर हे झाले नसते, मात्र काचेने दाराचे वजन वाढते आणि दाराचा भार तोलणारी स्प्रिंग त्या वजनानुसारच निवडावी लागते, म्हणून हा निर्णय मागणी नोंदवतानाच घ्यावा लागतो, नंतर नव्हे.

चालण्याबद्दल थोडक्यात. नायलॉनच्या चाकांमुळे आवाज अत्यंत कमी आहे. मोटर सोडवून दार हाताने अर्धे उचलले तर ते तिथेच थांबते, म्हणजे स्प्रिंगचा तोल योग्य आहे. ही चाचणी मी दर तीन महिन्यांनी करतो. स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघडझाप होईल इतक्या आयुष्याची आहे, आणि आमच्या दिवसाला चार खेपा धरल्या तर ती सात वर्षांच्या आसपास चालावी. ताणलेली स्प्रिंग स्वतः सोडवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. अडथळा ओळखणारे सेन्सर जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या आत बसवलेले आहेत. त्यांच्या भिंगावर कोळ्याचे जाळे आले की दार खाली येण्यास नकार देते, आणि आपण उगाच मोटरला दोष देत बसतो.

दाराच्या सौंदर्याची खरी नासाडी होते ती कडांवर, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. दार करडे, पण बसवणाऱ्याने बाजूच्या आणि वरच्या चौकटीच्या पट्ट्या पांढऱ्याच लावल्या, त्यामुळे पहिले काही आठवडे दार शोकपत्राच्या उलट, पांढऱ्या काठात बसवलेले दिसत होते. तक्रार केल्यावर बाजूच्या पट्ट्या बदलून मिळाल्या. वरची पट्टी मात्र ‘येतो, येतो’ म्हणत अजून आलेली नाही. मागणीपत्रात दाराचा रंग लिहिताना चौकटीच्या पट्ट्यांचा, खालच्या रबराला धरणाऱ्या पट्टीचा आणि बाहेरच्या मुठीचा रंगही स्वतंत्रपणे लिहून घ्यावा, असे मी आता आग्रहाने सांगतो. दाराच्या दोन्ही बाजूंचे जुने गोल दिवेही आता खटकू लागले आहेत. त्यांच्या जागी लांबट, खाली प्रकाश टाकणारे दिवे लावायचे ठरले आहे, पण ते झगझगीत नसावेत, कारण भिंतीलगत खाली पडणारा तीव्र प्रकाश रेघांतली धूळ आणि तो सायकलचा पोचा दोन्ही दाखवील. वरची पांढरी पट्टी पावसाआधी मीच रंगवून घेणार आहे. दाराच्याच छटेचा डबा आणून ठेवला आहे.